स्की रिसॉर्ट “घेतलं” म्हणजे नक्की काय घेतलं? पार्क सिटीची गोष्ट, सोप्या भाषेत

२०२४ च्या नाताळात अमेरिकेतल्या युटा राज्यातलं पार्क सिटी हे स्की रिसॉर्ट एकदम बातम्यांमध्ये आलं. वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी असते त्याच आठवड्यात, २७ डिसेंबरला, तिथल्या स्की पट्रोलच्या, म्हणजे उतारांची सुरक्षा बघणाऱ्या, सुमारे २०० लोकांनी संप पुकारला, डोंगराचा बराच भाग बंद राहिला आणि लिफ्टच्या खाली एवढ्या लांब रांगा लागल्या की लोकांनी फोटो काढून जगभर पाठवले. तिकडे राहणारे आपले बरेच मराठी लोक हिवाळ्यात मुलांना घेऊन युटाला जातात, त्यामुळे आमच्या ग्रुपवरही ते फोटो आले आणि मग एकाने विचारलं, अरे पण वेल तर कोलोरॅडोत आहे ना, मग युटातल्या पार्क सिटीच्या संपात सगळे वेलला का बोलतायत?

प्रश्न एकदम बरोबर आहे. वेल हे कोलोरॅडोतल्या एका डोंगराचं आणि गावाचं नाव आहे, आणि वेल रिसॉर्ट्स ही तिथूनच मोठी झालेली कंपनी आहे जिच्याकडे आज उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि स्वित्झर्लंड मिळून ४२ रिसॉर्ट्स आहेत. पार्क सिटी त्यातलं एक. पण ते तिच्या हातात कसं आलं ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण “अमुक कंपनीने तमुक रिसॉर्ट घेतलं” अशी बातमी आपण वाचतो तेव्हा नेमकं काय कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं ते या एका उदाहरणात जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

आधी हे बघू, रिसॉर्ट ही एक वस्तू नसतेच

आपण रिसॉर्ट म्हटलं की एक हॉटेल आणि त्याचं आवार असं डोळ्यासमोर येतं. स्कीचं तसं नाही. रायगडाचं उदाहरण घ्या. गड पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, रोपवे चालवणारी कंपनी खासगी, पायथ्याची जेवणाची घरं तिथल्या लोकांची. आपण मात्र सरळ म्हणतो “रायगडला जाऊन आलो”. स्की रिसॉर्टचं असंच असतं. वरचा डोंगर, म्हणजे ज्या उतारांवरून लोक घसरत खाली येतात ती जमीन, एकाची असू शकते. लोकांना वर नेणाऱ्या लिफ्ट दुसऱ्याच्या असू शकतात. पायथ्याची इमारत, तिकीटघर, पार्किंग, कृत्रिम बर्फ करायच्या मशिनी आणि त्याला लागणारं पाणी हे सगळं वेगवेगळ्या कागदांवर असतं. आणि शेवटी रिसॉर्टचं नाव, तोही एक हक्कच.

अमेरिकेत पश्चिमेकडचे शंभराहून जास्त स्की डोंगर तर सरकारी जंगलाच्या जमिनीवर आहेत, वेलचा मूळ डोंगरसुद्धा. तिथे कंपनी वनखात्याकडून परवाना घेते, १९८६ च्या एका कायद्याप्रमाणे तो ४० वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, आणि जमीन सरकारचीच राहते. म्हणजे “घेतलं” या शब्दात बहुतेक वेळा डोंगर नसतोच, डोंगर चालवायचा हक्क असतो. पार्क सिटीत जमीन सरकारची नाही, खासगी आहे. आणि तिथेच सगळं रामायण झालं.

खाणवाल्यांच्या डोंगरावर स्कीइंग

पार्क सिटी हे मुळात चांदीच्या खाणींचं गाव. विसाव्या शतकाच्या मध्यावर चांदी-शिशाचे भाव पडले, खाणी बंद होत गेल्या, गाव ओस पडायला लागलं. तेव्हा युनायटेड पार्क सिटी माइन्स या खाण कंपनीनेच सरकारकडून कर्ज काढून १९६३ च्या डिसेंबरात स्की रिसॉर्ट सुरू केलं. माणसं डोंगरावर न्यायची कशी, तर एक रस्ता असा काढला की खाणीच्या जुन्या रेल्वेत बसवून बोगद्यातून जवळजवळ ३ मैल आत न्यायचं आणि मग खाण कामगारांच्या पाळण्याने सुमारे १,७५० फूट वर डोंगरावर काढायचं! त्याला ते स्कीवाल्यांचा सबवे म्हणत. अंधार, ओल, वेळखाऊ प्रकार, त्यामुळे तो फार वर्षं चालला नाही, पण खाण ते स्की हा प्रवास त्या गावाने अक्षरशः पोटातून केलाय.

पुढे १९७० च्या दशकात खाण कंपनीने रिसॉर्ट चालवणं दुसऱ्यांकडे दिलं पण डोंगराची जमीन स्वतःकडेच ठेवली, आणि ती लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्याने दिली. आपल्याकडे शेत खंडाने देतात तसंच, फक्त मुदत खूप लांब. करार २० वर्षांचा, आणि नंतर आणखी तीन वेळा २०-२० वर्षं वाढवायची सोय, म्हणजे एकूण २०५१ पर्यंत. भाडं किती? हजारो एकर डोंगराचं वर्षाला साधारण १ लाख ५५ हजार डॉलर. ७० च्या दशकात ते ठीक वाटलं असेल, तेव्हा कुणाला माहीत होतं हा धंदा एवढा वाढेल. पण २०१० पर्यंत तिथे ऑलिम्पिक होऊन गेलं होतं (२००२ च्या सॉल्ट लेक ऑलिम्पिकमधल्या जायंट स्लॅलम आणि स्नोबोर्डच्या स्पर्धा याच डोंगरावर झाल्या), रिसॉर्टचं नाव जगभर झालं होतं आणि भाडं मात्र तेच जुनं.

भाडेकरू बदलत बदलत १९९४ पासून पावडर कॉर्प ही युटातलीच कंपनी होती. जमीन मालकही बदलला, २००३ मध्ये टोरांटोच्या टॅलिस्कर या बिल्डर कंपनीने ती जुनी खाण कंपनी जमिनीसकट घेतली. शेजारीच कॅन्यन्स नावाचं दुसरं मोठं स्की रिसॉर्ट होतं, तेही २००८ मध्ये टॅलिस्करकडे आलं. म्हणजे आता परिस्थिती अशी की पावडरचा घरमालकच बाजूला स्पर्धक दुकान चालवतोय.

एक पत्र उशिरा गेलं

त्या करारात मुदत वाढवायची असेल तर आधी लेखी कळवायचं अशी अट होती. चालू मुदत ३० एप्रिल २०११ ला संपत होती आणि पत्र १ मार्चपर्यंत द्यायला हवं होतं. बस्स एवढंच, भाव ठरवायचा नाही, वाटाघाटी नाहीत, “आम्हाला पुढची २० वर्षं पाहिजेत” एवढं एक पत्र.

ते वेळेत गेलं नाही. थोडक्या दिवसांनी हुकलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच बराच वेळ त्यावरच विचार करत राहिलो. कोट्यवधी डॉलरचं रिसॉर्ट, शेकडो लोकांच्या नोकऱ्या, आणि सगळं एका पत्राच्या तारखेवर. ऑफिसात सगळ्यांना वाटत असतं की हे दुसरा कुणीतरी बघतोय, हे असंच होतं ना. सोसायटीच्या कन्व्हेयन्सच्या फायली, शेताच्या नोंदी, विम्याचे हप्ते, आपल्या घरातही असं काहीतरी लटकलेलं असतंच.

बरं, टॅलिस्करने तेव्हा लगेच काही आरडाओरडा केला नाही. उन्हाळा गेला, पानगळ गेली, रिसॉर्ट नेहमीसारखं चालू. आणि २०११ च्या डिसेंबरच्या अगदी शेवटी त्यांनी कळवलं की तुमचं लीज एप्रिलमध्येच संपलंय. २०१२ च्या मार्चमध्ये पावडरवाले कोर्टात गेले.

“दोन-चार दिवसांचा उशीर, त्यात एवढं काय?”

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मलाही पडला. भाडं द्यायला दोन दिवस उशीर झाला तर घरमालक काही लगेच बाहेर काढत नाही, कोर्टही सांभाळून घेतं. मग इथे का नाही?

फरक असा आहे की भाडं देणं हे चालू कराराखालचं कर्तव्य आहे, त्यात चूक झाली तर दंड भरून, माफी मागून ती दुरुस्त होते. मुदत वाढवायचा हक्क मात्र एक ऑफर आहे, मालकाने आधीच देऊन ठेवलेली आणि अमुक तारखेपर्यंतच उघडी असलेली. टेंडरसारखं समजा. ३ वाजता पेटी बंद म्हणजे बंद, ३ वाजून ५ मिनिटांनी आलेलं पाकीट कितीही चांगल्या दराचं असलं तरी उघडत नाहीत, आणि तुम्ही “पाचच मिनिटं झाली हो” म्हणालात तर ज्याने वेळेत टाकलं त्याच्यावर अन्याय होतो. पावडरचं म्हणणं होतं की तुम्ही एवढे महिने गप्प बसलात, आम्हाला वाटलं सगळं ठीक आहे, त्या भरवशावर आम्ही पैसेही घातले. मला व्यक्तिशः या म्हणण्यात दम वाटतो, निदान माणुसकीच्या हिशेबाने तरी. पण २१ मे २०१४ ला न्यायाधीश रायन हॅरिस यांनी निकाल दिला की लीज संपलेलं आहे.

आता यात वेल कुठून आली

निकाल लागायच्या आधीच, मे २०१३ मध्ये, टॅलिस्करने एक मोठी खेळी केली. शेजारचं कॅन्यन्स रिसॉर्ट त्यांनी वेल रिसॉर्ट्सला चालवायला दिलं. विकलं नाही, चालवायला दिलं, तेही भाडेपट्ट्यानेच. पहिली मुदत ५० वर्षं आणि पुढे सहा वेळा ५०-५० वर्षं वाढवायची सोय, म्हणजे एकूण ३५० वर्षं. भाडं वर्षाला अडीच कोटी डॉलर, दरवर्षी थोडं वाढणारं, आणि रिसॉर्टची कमाई साधारण साडेतीन कोटी डॉलरच्या वर गेली तर वरच्या रकमेतले ४२ टक्केही मालकाला.

आणि खरी गंमत करारातल्या पुढच्या भागात होती. पार्क सिटीचा तो वादातला डोंगरही यात धरलेला होता. केस जिंकली तर ती जमीन वेलला वापरायला मिळणार, वेगळं जास्तीचं भाडं नाही, आणि केस चालवायची जबाबदारीही वेलनेच घेतली. आपल्याकडे जमिनीचे व्यवहार बघितलेल्या कुणालाही हे लगेच कळेल, कोर्टात अडकलेली जमीन वाद सोडवायच्या तयारीसकट घेणारा माणूस साधा नसतो. ज्याच्याकडे वकील, पैसा आणि थांबायची ताकद आहे तोच असं करतो.

वरचा डोंगर एकाचा, पायथा दुसऱ्याचा

निकाल लागला, वेल जिंकली, मग संपलं का? नाही. कारण वरचा डोंगर लीजचा होता, पण पायथा पावडरच्या स्वतःच्या मालकीचा होता. पार्किंग, मुख्य इमारती, खालच्या लिफ्टची जागा.

विचार करा, शेत तुमचं झालं पण शेतात जायची वाट आणि विहीर शेजाऱ्याची. आता तुम्ही काय पेरणार? वेलकडे उतार होते पण तिथे माणसं पोचवायला पायथा नव्हता. पावडरकडे पायथा होता पण वर घसरायला डोंगर नव्हता. पावडरने सांगितलं, काढायचंच असेल तर आम्ही आमच्या लिफ्ट उपटून घेऊन जाऊ. ही धमकी ऐकून गावातल्या लोकांचं काय झालं असेल. हॉटेलवाले, स्की भाड्याने देणारे, शिकवणारे, टॅक्सीवाले, सगळ्यांचं वर्षाचं पोट त्या चार-पाच महिन्यांवर, आणि बर्फ पडायला दोन-अडीच महिने उरलेत पण डोंगर उघडणार की नाही तेच माहीत नाही.

कोर्टाने मधला मार्ग काढला. पावडरला आणखी एक सीझन चालवायचं असेल तर १ कोटी ७५ लाख डॉलरचा बाँड, म्हणजे अनामत, कोर्टात ठेवा. ती भरायची वेळ आली आणि त्याच आठवड्यात, ११ सप्टेंबर २०१४ ला, तडजोड झाली. पावडरने आपला पायथा आणि रिसॉर्ट वेलला १८ कोटी २५ लाख डॉलर रोखीत विकलं.

आता बघा, वेलने त्या दिवशी नक्की काय विकत घेतलं? डोंगर नाही. डोंगर तर तिच्याकडे लीजने आलेला होता आणि आजही तो लीजच आहे. तिने विकत घेतला तो पायथा, पार्किंगची जमीन, लिफ्ट आणि चाललेला धंदा. आणि पावडरला एका पत्रामुळे डोंगर गमवावा लागला तरी १८ कोटी मिळाले ते फक्त या पायथ्यामुळे. म्हणून अशी बातमी वाचली की मी आता आधी तेच शोधतो, पायथा कुणाचा आहे.

पण एवढा आटापिटा कशासाठी? पासाचं गणित

या दोन डोंगरांसाठी वर्षाला अडीच कोटी भाडं, वर १८ कोटी रोख, वर वकिलांचा खर्च. तिकिटं विकून हे निघतं का? नुसत्या तिकिटांवर कदाचित नाही. याचं उत्तर एपिक पासमध्ये आहे.

२००८ मध्ये वेलने ५७९ डॉलरला एक पास काढला, की पूर्ण सीझन आमच्या सगळ्या डोंगरांवर कितीही वेळा या. आपल्या एसटीचा “आवडेल तेथे कोठेही प्रवास” पास आठवा, तोच प्रकार, फक्त चार किंवा सात दिवसांऐवजी पूर्ण हिवाळा. पण वेलने त्यात एक अट घातली जी सगळ्यात महत्त्वाची आहे. पास बर्फ पडायच्या आधी घ्यायचा, हिवाळा सुरू झाला की विक्री बंद.

कोकणात मोहोर यायच्या आधीच आंब्याची बाग कराराने देतात ना, तसं हे आहे. बागवाल्याला आधीच पैसे मिळतात, मग अवकाळी आला, मोहोर गळला तर तो तोटा करार घेणाऱ्याचा. स्कीच्या धंद्याची सगळ्यात मोठी भीती म्हणजे बर्फच न पडणं. आधी ती भीती रिसॉर्टच्या मालकाला होती, पासामुळे ती गिऱ्हाइकाच्या खिशात गेली. आज वेलच्या उत्तर अमेरिकेतल्या रिसॉर्ट्सवर येणाऱ्यांच्या साधारण पाऊण फेऱ्या अशा आधीच विकलेल्या पासांवर होतात. बँकेला, शेअरवाल्यांना हेच आवडतं, कारण ऑक्टोबरातच हिशेब कळलेला असतो.

आणि पास जेवढे जास्त डोंगर दाखवेल तेवढा तो विकला जातो. म्हणून युटा हवं होतं. पार्क सिटी सॉल्ट लेकच्या विमानतळापासून पाऊण तासाच्या आत आहे, सकाळी विमानातून उतरा आणि दुपारी डोंगरावर. म्हणूनच पुढे व्हिसलर घेतलं (२०१६, कॅनडा, सुमारे १४० कोटी कॅनेडियन डॉलर), व्हर्मॉन्टमधलं स्टो घेतलं २०१७ मध्ये, २०१९ मध्ये एका झटक्यात १७ रिसॉर्ट्स घेतली, बहुतेक छोट्या टेकड्या. छोट्या टेकड्या कशाला? एखादा मोठा क्लासवाला तालुक्याच्या गावात छोटी शाखा काढतो आणि तिथली मुलं पुढे पुण्याच्या मुख्य शाखेत येतात, तसं. मिनेसोटात, मिशिगनमध्ये शहराजवळच्या टेकडीवर पोरगं स्की शिकतं, घरचे पास घेतात, आणि पास आहेच म्हटल्यावर सुट्टीत कोलोरॅडो नाहीतर युटा गाठतात.

याची दुसरी बाजू म्हणजे पास नसेल तर मार. पार्क सिटीत गर्दीच्या दिवशी खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट आता ३०० डॉलरच्या पुढे गेलंय. म्हणजे चार जणांचं कुटुंब एक दिवस गेलं तर हजार-बाराशे डॉलर फक्त लिफ्टचे. हे तिकीट विकण्यासाठी नाहीये, पास घ्यायला लावण्यासाठी आहे. आयुष्यात एकदाच बघायचं म्हणून जाणाऱ्याला, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना, हा सगळ्यात महाग पडणारा प्रकार आहे आणि मला ते अजिबात पटत नाही.

“मोठी कंपनी आली तर सोयी वाढतात, मग वाईट काय?”

सोयी वाढल्या, हे मान्य करायलाच पाहिजे. घेतल्यावर पुढच्याच वर्षी वेलने ५ कोटी डॉलर घातले, पार्क सिटी आणि कॅन्यन्सला जोडणारी क्विकसिल्व्हर नावाची गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची लिफ्ट, बांधली आणि दोन्ही मिळून ७,३०० एकरांहून मोठं, अमेरिकेतलं तेव्हाचं सगळ्यात मोठं रिसॉर्ट झालं. दोन शेजारी भांडत होते तोवर ही जोडणी कधीच झाली नसती. वर्षात पंधरा-वीस दिवस स्की करणाऱ्याला पास स्वस्तच पडतो, २०२१ मध्ये तर कंपनीने पासाची किंमत २० टक्के उतरवून ७८३ डॉलर केली होती. (नंतर ती पुन्हा चढत हजाराच्या वर गेली.)

पण पास स्वस्त झाला की माणसं वाढतात, आणि डोंगर वाढत नाही. गावाचे रस्ते वाढत नाहीत, पार्किंग वाढत नाही, पायथ्याला आता आधी बुक करून पैसे भरून गाडी लावावी लागते. कॅन्यन्स हे रिसॉर्टचं नाव गेलं, सगळं एकच “पार्क सिटी” झालं. आणि मग कंपनीने “पार्क सिटी” याच नावाचा ट्रेडमार्क मागितला! म्हणजे स्की रिसॉर्टसाठी हे नाव आमचं अशी नोंदणी. कंपनी म्हणत होती की हे फक्त रिसॉर्टपुरतं आहे, पण ज्या गावात निम्म्या दुकानांच्या पाटीवर गावाचं नाव असतं तिथे लोक घाबरणारच. जोरदार विरोध झाला आणि २०१६ मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला.

“सरकार हे चालू कसं देतं? मक्तेदारी नाही का ही?”

कधी कधी अडवतं. १९९७ मध्ये वेलच्या मालकांनी कोलोरॅडोतली ब्रेकनरिज आणि कीस्टोन घेतली तेव्हा सोबत अरापाहो बेसिन नावाचा तिसरा डोंगरही येत होता. अमेरिकेच्या न्याय खात्याने तो विकायला लावला, कारण डेन्व्हरच्या लोकांना मग पर्यायच राहिला नसता. पण पार्क सिटीला असं काही झालं नाही. युटात अल्टा, स्नोबर्ड, डियर व्हॅली असे तगडे डोंगर जवळजवळच आहेत. आणि २०१७ मध्ये तर वेलला टक्कर द्यायला अल्टेरा नावाची दुसरी बलाढ्य कंपनी उभी राहिली, तिने २०१८ मध्ये आयकॉन पास काढला, पार्क सिटीच्या शेजारची डियर व्हॅली तिच्याकडे आहे. म्हणजे आज एकाच गावात दोन डोंगर, दोन कंपन्या, दोन पास. कागदावर ही स्पर्धाच आहे. पण पास एकदा घेतला की तो माणूस पूर्ण हिवाळा त्याच कंपनीकडे जातो, रोज सकाळी उठून भाव बघून डोंगर निवडत नाही, त्यामुळे ही स्पर्धा वर्षातून एकदाच होते, बर्फ पडायच्या आधी.

उलट दिशेनेही कधी कधी पाणी वाहतं बरं का. त्याच पावडर कंपनीने २०२४ मध्ये व्हर्मॉन्टमधलं किलिंग्टन हे मोठं रिसॉर्ट तिथल्याच स्थानिक गुंतवणूकदारांना विकलं.

मग गावाच्या हातात काय उरतं?

जमीन दुसऱ्याची, लीज कंपनीचं, पास कंपनीचा. पण बांधकामाची परवानगी गावाची. २०२२ मध्ये वेलला पार्क सिटीत दोन जुन्या लिफ्ट काढून नव्या मोठ्या लावायच्या होत्या, सामानसुद्धा तयार होतं. गावातल्या चौघा रहिवाशांनी अपील केलं की माणसं जास्त वर न्याल पण गाड्या कुठे लावणार, गर्दीचा हिशेब नीट मांडलेला नाही. नियोजन समितीने त्यांचं ऐकलं आणि परवानगी रद्द झाली. कंपनीने त्या लिफ्ट कॅनडात व्हिसलरला पाठवल्या. गावात यावर आजही दोन मतं आहेत. काही म्हणतात चांगल्या नव्या लिफ्ट हातच्या घालवल्या, काही म्हणतात कुणीतरी पहिल्यांदा नाही म्हणालं. मला दुसरं म्हणणं जवळचं वाटतं, कारण ३५० वर्षांच्या भाडेपट्ट्यासमोर गावाकडे बोलायला एवढीच एक जागा आहे.

आता परत त्या संपाकडे

स्की पट्रोल म्हणजे पहाटे अंधारात वर जाऊन स्फोटकं लावून सैल बर्फ मुद्दाम पाडणारी माणसं, म्हणजे नंतर तो लोकांच्या अंगावर कोसळू नये. कुणाचा पाय मोडला तर स्ट्रेचरच्या घसरगाडीवरून खाली आणणारीही तीच. त्यांनी ठरवलं नाही की उतार सुरक्षित आहे, तर तो उतार उघडत नाही. त्यांचा पगार तासाला २१ डॉलरपासून सुरू व्हायचा आणि त्यांची मागणी होती २३. करार एप्रिल २०२४ मध्येच संपला होता, बोलणी महिनोन्‌महिने रखडली. ज्या गावात साधं घर परवडत नाही, कामगार लांबून गाडी चालवत येतात, तिथे दोन डॉलर.

जवळजवळ दोन आठवडे संप चालला. ८ जानेवारी २०२५ ला तोडगा निघाला आणि सुरुवातीच्या पगारात ते दोन डॉलर मिळाले. तोवर कंपनीचा शेअर पडला, ग्राहकांनी केस टाकली, ज्यांची सुट्टी वाया गेली त्यांना पुढच्या पासावर सूट द्यावी लागली, आणि मे महिन्यात मुख्याधिकारी कर्स्टन लिंच जाऊन रॉब कॅट्झ परत आले. २०१४ ला पार्क सिटी घेतलं तेव्हा तेच प्रमुख होते.

ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तिथली माणसं डोंगरमालकाशी भांडत नव्हती, तो तर वेगळाच आहे. ती जुन्या पावडरशीही भांडू शकत नव्हती, ती दहा वर्षांपूर्वीच पैसे घेऊन गेली. त्यांचा पगार ठरवणारे कोलोरॅडोत, ब्रूमफिल्ड नावाच्या शहरातल्या ऑफिसात बसतात, जिथे ४२ डोंगरांचा एकच हिशेब असतो, आणि पार्क सिटीत दोन डॉलर वाढवले तर उरलेल्या ४१ ठिकाणीही लोक मागणार हे त्यांना दिसत असतं. आधीचा मालक फार दयाळू होता असं मी म्हणत नाही, पण त्याचं ऑफिस त्याच गावात होतं.

२०३४ चं हिवाळी ऑलिम्पिक पुन्हा युटाला मिळालंय, आणि वेलच्या लीजची पहिली ५० वर्षं २०६३ मध्ये संपतात. पट्रोलवाल्यांच्या नव्या कराराची मुदत मात्र एप्रिल २०२७ पर्यंतचीच आहे.